पारबताबाईचं रगत

माझ्या कामात मी कधी कोणाला बरं केलं नाही आणि कोणाचा आजार ओळखलाही नाही. मी फक्त रक्त काढलं आणि ते नीट पोचतं केलं. तरी डॉक्टरांना विचारायचे ते प्रश्न माणसं मलाच विचारत, कारण डॉक्टर टेबलाच्या पलीकडे असतात आणि मी त्यांचा हात हातात धरून बसलेली असे.

मी मूळची भंडाऱ्याजवळच्या शहापूरची. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. जिल्हा दुभंगून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा आमच्यातले काही तिकडे गेले, मी भंडाऱ्यातच राहिले. निवृत्त झाल्यावर घरात जीव रमेना, म्हणून एका खासगी तपासणी केंद्रात बसू लागले. केंद्र म्हणजे एक गाळा. एक खुर्ची, एक फ्रिज, भिंतीवर देवांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी शेजारी शेजारी, कारण मालक हिंदू आणि मी बौद्ध. नमुने घ्यायचे, पॅक करायचे आणि मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे रवाना करायचे. साखर, थायरॉईड, कावीळ हे रोजचं. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी रक्तातला डीएनए तपासतात, तशी तपासणी आमच्या यादीत आली तेव्हा मी मालकाला म्हटलं होतं, "भाऊ, ही इकडे कोण करते?" नंतर एक दिवस साकोलीजवळच्या एकोडीहून फोन आला.

फोन करणारी मुलगी होती रंजू शेंडे. तिचे वडील दयारामभाऊ तलावावर जाळं टाकत आणि आई पारबताबाई साकोलीच्या बाजारात मासे विकायची. पारबताबाईला खोकला लागून बरेच महिने झाले होते. आमच्याकडे खोकला आणि छातीच्या फोटोत डाग म्हटलं की आधी टीबीच समजतात. कुठल्याशा डॉक्टरने टीबीच्या गोळ्या दिल्या, तिने त्या इमानदारीत खाल्ल्या, खोकला तसाच राहिला आणि वजन उतरत गेलं. शेवटी नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीत सुई घालून तुकडा काढला. कॅन्सर निघाला. पण कोणती गोळी चालेल हे ठरवायला आणखी एक तपासणी लागते, त्या तपासणीला तो तुकडा पुरला नाही. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली, पुन्हा सुई घालणं धोक्याचं. म्हणून डॉक्टर म्हणाले, रक्तातून पाहू. नागपूरच्या चकरा मारायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, तेव्हा रक्त घरी जाऊन घ्यायचं ठरलं.

ही तपासणी गरिबाच्या आवाक्यातली नाही. गोळीच्या कंपनीची एक मदत योजना होती, डॉक्टरांनी तिच्यात नाव घातलं म्हणून जमलं.

एसटीने साकोलीपर्यंत गेले. तिथून दयारामभाऊंनी मोटरसायकलवर घरी नेलं. दर थोड्या वेळाने ते मागे वळून माझ्या मांडीवरचा नळ्यांचा खोका जागेवर आहे ना ते पाहत होते. मला वाटलं हे आता कुठंतरी धडकणार.

पारबताबाई ओसरीत खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. धिप्पाड बाई असावी, हाडं तशी सांगत होती. अंगावरचं मांस मात्र सगळं उतरलं होतं. आवाज घोगरा.

"या बाई. कितीक काढता?"

"दोन नळ्या."

"मंग मले काय रायते?"

मी हसले. दंडाला पट्टा बांधला. शीर शोधायला वेळ लागला. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"एक सांगा बाई. डाक्टर म्हनते कॅन्सर फुप्फुसात हाय. मंग तुमी रगतात काय पाहून रायल्या?"

हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारायला हवा होता, पण पहिल्यांदा विचारला तिनेच. मी मला जमेल तसं सांगितलं. आपल्या अंगातल्या पेशी रोज मरतात, नव्या होतात. मेलेल्या पेशीतले डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात. कॅन्सरच्या पेशीही मरतात, त्यांचेही तुकडे येतात. त्या तुकड्यात एखादा वेगळा बदल असतो, तो मशीन ओळखतं. तो बदल सापडला की त्याच्यावर नेमकी चालणारी गोळी देता येते.

"म्हंजे तलावातून लोटाभर पानी काढलं अन् त्याच्यात कोनत्या मासोळीचे खवले हायेत ते पाहिलं, तसं?"

"तसंच."

"अन् लोट्यात खवला नाहीच आला तं?"

"तर मासोळी नाही, असं म्हणता येत नाही."

"वा," ती म्हणाली, "असा माल मी बाजारात विकला असता तं गिऱ्हाइकानं मारलं असतं मले."

आतून रंजूचं हसू ऐकू आलं. दयारामभाऊ हसले नाहीत. ते नळीकडे पाहत होते.

ही नळी साधी नसते. तिच्यात एक औषध असतं, ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींना फुटू देत नाही. त्या फुटल्या तर त्यांचाच डीएनए इतका सांडतो की कॅन्सरचे मूठभर तुकडे त्यात बुडून जातात. म्हणून नळी झटकायची नाही, हळू हळू उलटीसुलटी करायची. तापू द्यायची नाही आणि फ्रिजमध्ये, बर्फात तर मुळीच ठेवायची नाही. पार्सलच्या काउंटरवर मी हे तोंडाने सांगितलं, खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंही. पण मे महिना होता. भंडाऱ्यातला मे ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. काउंटरवरच्या भल्या माणसाला रक्ताची दया आली आणि त्याने खोका बर्फाच्या लाद्यांमध्ये ठेवून दिला.

प्रयोगशाळेचा फोन आला, नमुना खराब आहे, पुन्हा घ्या.

एवढी चीड मला नोकरीत क्वचित आली असेल. ती माणसं तिकडे एकेक दिवस मोजत बसलेली. मी पुन्हा एकोडीला गेले. दयारामभाऊंच्या तोंडाकडे पाहायची सोय नव्हती. पारबताबाईने मात्र स्वतःहून हात पुढे केला.

"मासोळीले बर्फ नाही भेटला तं सडते. अन् माहं रगत बर्फानंच सडलं. मी उलटीच हाव का वो बाई?"

त्या वेळी मी खोका कोणाच्या हाती दिला नाही. ओल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि खिडकी सोडून सावलीची जागा धरून स्वतः नागपूरला गेले. तिथून तो विमानाने पुढे गेला.

रिपोर्ट यायला वेळ लागतो. लोकांना वाटतं आमचं काम नमुना गेला की संपतं. खरा त्रास तिथून सुरू होतो. दयारामभाऊ रोज फोन करायचे. "मॅडम, आलं का?" नाही म्हटलं की "बरं" म्हणून ठेवायचे आणि दुपारी पुन्हा करायचे. मी रागावायची नाही, कारण मीही तेच करत होते. दुसऱ्याचा हात धरलेला असताना मोबाईल वाजला तर माझं चित्त तिकडे जायचं. एका म्हाताऱ्याने मला सरळ सुनावलं, "बाई, माह्या हाताकडे पाह्य."

बदल सापडला. बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या बायांमध्ये जो पुष्कळदा सापडतो, तोच. गोळी सुरू झाली. रोज एक. अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, पण खोकला उतरला. पावसाळा सरता सरता मी एका कामाने साकोलीला गेले होते, बाजारात शिरले तर मासळीच्या ओळीतून आवाज आला, "ताजी हाय वो, आताच तलावातून आनली, हात लावून पाहा!" मी जागीच थबकले. तो घोगरा आवाज नव्हता. पारबताबाई पाटावर मांडी घालून बसली होती आणि एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होती. तिने मला पाहिलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "ह्या बाईनं माहं रगत पेलं, पाह्य." तो माणूस दचकून माझ्याकडे पाहू लागला.

यानंतर त्याच योजनेतून तिचं रक्त ठराविक महिन्यांनी घेत राहायचं ठरलं. स्कॅन होतच होते, रक्त सोबतीला. कॅन्सर शहाणा असतो. गोळीखाली काही काळ दबतो आणि नवा बदल करून पुन्हा डोकं काढतो. तो बदल कधी कधी स्कॅनच्या आधी रक्तात दिसतो. ऐकायला हे किती छान वाटतं. आधीच कळणार! मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

याच काळात आमच्याकडे आसगावचे गभणेशेठ आले. धानाची गिरणी, बोटांत अंगठ्या, बोलताना खोकला. मोबाईलवर कुठली तरी जाहिरात पाहून आले होते. "मॅडम, रक्तातून कॅन्सर समजते म्हनते. माहा पाहून टाका. सर्टिफिकेट पायजे मले."

मी त्यांना म्हटलं, "शेठजी, ही तपासणी ज्याला कॅन्सर आहे हे ठाऊक आहे त्याच्यासाठी जास्त कामाची आहे. तुम्हाला खोकला आहे तर छातीचा स्कॅन करा, छातीच्या डॉक्टरांना दाखवा."

"पैसे मी देऊन रायलो का तुमी?"

रक्त दिलं. काही सापडलं नाही. शेठ पेढे घेऊन आले. मी पेढा घेतला आणि तेच पुन्हा सांगितलं, की नाही सापडलं म्हणजे नाही असं नव्हे. गाठ लहान असेल तर ती पुष्कळदा रक्तात काहीच सोडत नाही. शेठ म्हणाले, "मॅडम, तुमी लय निगेटिव्ह बोलता." त्यांच्या बायकोने मात्र ऐकलं होतं. तिने घरात जेवण बंद करायची धमकी देऊन त्यांना स्कॅनला नेलं. लहानशी गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, आणि अजून गिरणी चालवतात. मला भेटले की म्हणतात, "तुमच्या रक्तानं मले धोका देला." बायकोचं नाव काढत नाहीत.

गभणेशेठना त्यांचं रक्त काहीच बोललं नाही. पारबताबाईचं बोललं, आणि ते जास्त वाईट झालं.

गोळी सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. ती बाजारात बसत होती, नातेवाइकांच्या लग्नांत जेवत होती, वजन वाढलं होतं. स्कॅन ठीक होता. आणि रक्तात नवा बदल दिसला. अगदी थोडा, पण दिसला. रिपोर्ट डॉक्टरांकडे आणि रंजूच्या मोबाईलवर गेला. डॉक्टर बापलेकीला म्हणाले, "रक्त आधी बोललं आहे. पण स्कॅनमध्ये वाढ नाही, त्रास नाही. एवढ्यावर गोळी बदलत नाहीत. आता आहे तीच सुरू ठेवू आणि लक्ष ठेवू."

लक्ष ठेवू. हे दोन शब्द त्या घरात आले आणि कोणाला सुखाने बसू देईनात. घरात साप शिरलाय हे समजलं आहे, कुठे आहे ते समजत नाही, आणि कोणी काही करायचं नाही. दयारामभाऊंचं जाळ्यावर लक्ष लागेना. पहाटे जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. ते मला फोन करायचे, "मॅडम, या महिन्यात अजून एक वेळ पाहून घेऊ का?" मी म्हणायची, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. पुढच्या आठवड्यात ते भंडाऱ्याला केंद्रावरच आले. "एक वेळ पाहा ना. कमी झालं असन तं?" मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, ग्लास हातात फिरवत उभे राहिले आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेले. त्या माणसाला आपली बायको जगेल की मरेल एवढंच विचारायचं आहे, असं मी तेव्हा धरून चालले होते.

पारबताबाईला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी मी रक्त घ्यायला गेले तेव्हा तिने दयारामभाऊंना दुकानातून साखर आणायला पिटाळलं. रंजूला चहा ठेवायला सांगितलं. मग दंड माझ्याकडे करून म्हणाली, "आता सांगा."

"काय सांगू?"

"घरात दोघंही जेवत नाही. पोरगी माह्या मांगंमांगं बाजारात येते. बुढा माह्याकडे असा पायते जशी मी मेलीच हाव. कागदात काय आलं?"

मी खोटं बोलू शकत नव्हते, आणि खरं सांगायचा अधिकार माझा नव्हता. रिपोर्ट समजावून सांगायचं काम डॉक्टरांचं असतं, हा आमच्या धंद्याचा नियम, आणि तो बरोबर आहे. मी म्हटलं, "पारबताबाई, हे तुम्ही डॉक्टरांनाच विचारा. तुमचं रक्त आहे, तुम्हाला विचारायचा पूर्ण हक्क आहे. फोन मी लावून देते."

"लावा."

डॉक्टर फोनवर आले. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाच विचारलं, "म्हंजे मले आता काही होत नाही, पन होनार हाय, अन् कवा होनार ते तुमाले मालूम नाही?" मग "बरं डाक्टरसाब" म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि दंड पुन्हा पुढे केला. मी नळ्या भरून घेतल्या.

रंजू चहा घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. पारबताबाई तिच्यावर एकदम तापली. "लपवून कायले ठेवलं? मी का लहान लेकरू हाव? मले मालूम असतं तं मी तुमाले जेवाले तं घातलं असतं!"

दयारामभाऊ साखर घेऊन आले तेव्हा त्या मायलेकी रडत होत्या आणि मी नळ्या उलटसुलट करत उभी होते, कारण ते काम मध्येच थांबवता येत नाही.

त्यानंतर ती बदलली असं मी म्हणणार नाही. बाजारात जायची, भांडायची, तशीच. पण तिने रंजूला शेजारी बसवायला सुरुवात केली. कोणत्या तलावाची मासोळी कशी ओळखायची, कोण उधार मागतो, उन्हात माल किती वेळ टिकतो, कोणापुढे नमायचं आणि कोणापुढे नाही. रंजू बी.ए. झालेली, तिला नोकरी हवी होती. ती कुरकुरली. पारबताबाई म्हणाली, "नोकरी भेटन तवा जा. तोवरी हे तं हातात असू दे." रंजूने हे मला नंतर सांगितलं, आणि सांगताना आईचा आवाज काढला.

अशी सारी पावसाळी कामं सरली, धान कापून झालं. मग स्कॅनमध्येही वाढ दिसली. गोळी बदलली. रक्तात तो दुसरा बदल आधीच सापडलेला असल्यामुळे नवी गोळी कोणती द्यायची यात डॉक्टरांचा एकही दिवस गेला नाही. नव्या सुईची गरज पडली नाही. रक्ताने केलेलं हे भलं मी मान्य केलंच पाहिजे. नव्या गोळीने तिला पुन्हा उभं केलं. रक्त हळूहळू साफ होत गेलं आणि एका रिपोर्टमध्ये दोन्ही बदलांपुढे 'आढळला नाही' असं आलं.

दयारामभाऊंनी केंद्रात येऊन माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. वयाने माझ्याहून मोठे. मी मागे सरले. माझ्या मनातून मात्र ती रुखरुख जात नव्हती. लोट्यात खवला आला नाही, एवढंच ना?

त्याच सुमारास रंजूचा फोन आला. "मावशी, आईचं डोकं दुखून रायलं. अन् काल बाजारात तिनं एकाच गिऱ्हाइकाले दोनदा तोलून देलं."

मी तिला सांगितलं, आधी नागपूरला फोन कर, आत्ताच. डॉक्टर रिपोर्टवर थांबले नाहीत. म्हणाले, रक्त काहीही म्हणो, डोक्याचा एमआरआय करा. मेंदूत गाठी होत्या. मेंदूतला आजार पुष्कळदा रक्तात उतरतच नाही. मेंदूभोवती एक कुंपण असतं, ते बाहेरचं आत येऊ देत नाही आणि आतलं बाहेरही फारसं जाऊ देत नाही. छाती साफ, रक्त साफ, आणि डोक्यात हे.

दयारामभाऊंना ते पटेना. रिपोर्ट हातात धरून ते मला विचारत राहिले, "पन यात तं नाही म्हनते ना? यात तं साफ लिहून हाय."

डोक्याला किरणांचे शेक दिले. काही महिने मिळाले. बरे नव्हते, पण मिळाले. शेवटी शेवटी ती माणसं ओळखायची, नावं विसरायची. मला 'रगतवाली' म्हणायची. रक्त घेणं डॉक्टरांनी बंद केलं होतं. मी तरी दोनदा जाऊन आले. ती वारली ती घरातच, दिवसाउजेडी, रंजू अंगणात असताना.

मला वाटलं, इथे माझं काम संपलं. थंडीत एका दुपारी दयारामभाऊ केंद्रात आले. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात सगळे रिपोर्ट. गर्दी होती. ते बाकावर बसून राहिले. शेवटचा माणूस गेल्यावर त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली.

"मॅडम, याच्यात कोठी लिहून हाय का?"

"काय?"

"माह्या बिडीनं झाला म्हनून."

त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"मी घरात वढत होतो. तिच्या बाजूले बसून. जवान होतो तवापासून. तुमी पयल्या वेळी सांगतलं ना, रगतात सारं दिसते म्हनून. तवापासून मी वाट पाहून रायलो, का कोन्या कागदात येते. येते का म्हनून मी तुमाले पुन्हा पुन्हा पाहाले लावत होतो. आलं तं आलं, नाही आलं तं नाही."

मग त्यांनी सांगितलं. तेरवीच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर रंजू बोलली होती, "बाबाच्या बिडीनं माही आई मेली." तेव्हापासून ती बापाशी बोलत नव्हती. दोन वेळचं रांधायची, झाकून ठेवायची आणि आत निघून जायची. ते ओसरीत एकटे जेवत. बिडी त्यांनी आजार कळला त्याच दिवशी सोडली होती. ते कोणी विचारलं नव्हतं.

रिपोर्टमध्ये ते कुठेच नव्हतं. असणारही नव्हतं. मला जे ठाऊक होतं त्याचे दोन भाग होते. पहिला त्यांना बरं वाटायला लावणारा, की जो बदल सापडला तो बिडी न ओढणाऱ्यांतच जास्त दिसतो, त्याचा तंबाखूशी फारसा संबंध लागत नाही. दुसरा असा, की दुसऱ्याच्या बिडीचा धूर फुप्फुसाला वाईटच असतो, चुलीचाही असतो, आणि त्या एका बाईच्या बाबतीत कशाचा किती हात होता हे जगातला कोणीही माणूस सांगू शकत नाही. पहिला सांगून त्यांना गाडीत बसवून देता आलं असतं. मनात आलंही. पण या घराने लपवाछपवीचं काय होतं ते एकदा पाहिलं होतं.

मी दोन्ही सांगितले.

"म्हंजे मालूम होनार नाही," ते म्हणाले.

"नाही, भाऊ."

"कधीच?"

"कधीच नाही."

ते कागद गोळा करू लागले. कागद नीट होईनात. मी मालकाला फोन केला, गाळा लवकर बंद करते म्हटलं, आणि त्यांच्यासोबत साकोलीच्या गाडीत बसले. साऱ्या रस्त्यात मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. मला कोणी बोलावलं नव्हतं. रंजू सरळ विचारू शकली असती, तुमचा काय संबंध?

रंजू मागच्या आवारात मासे साफ करत होती. बाजाराहून नुकतीच आली असावी. मी तिच्यासमोर पिढ्यावर बसले आणि तिच्या बापाला सांगितलं तेच तिला सांगितलं. दोन्ही भाग. तिचा हात थांबला नाही. खवले उडत होते.

"मावशी, तुमच्या मशीनले येवढं बारीक दिसते, अन् हे दिसत नाही?"

"नाही दिसत."

"मंग मी कोनावर राग करू?"

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही, बाई."

ती बराच वेळ मासे धूत राहिली. मग उठली, कालवण चुलीवर चढवलं आणि मला म्हणाली, "जेवून जा." मी नाही म्हटलं नाही. शेवटची गाडी गेली असती तर राहिले असते. भात झाला. तिने दोन ताटं घेतली, पुसली, मांडली. थोडं थांबली. मग फळीवरून तिसरं घेतलं आणि तेही मांडलं, माझ्या समोरच्या बाजूला.

माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबाले म्हना, हात धुवून घे."

दयारामभाऊ दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. तरी मी त्यांना सांगितलं.